चौदा खटके मागे

मित्रांनो, मी गाडीचा एक जुना शॉकअब्सॉर्बर आहे. नाव घेताना जीभ अडखळते ना? गॅरेजात मला नुसतं 'शॉक' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. चाकाला खड्ड्याचा दणका बसला की तो मी आतल्या तेलात जिरवतो. आता तेल गळालं आणि मी मेस्त्रीकाकांच्या फळीवर धूळ खात पडलोय. पण माझेही दिवस होते बरं का!

आम्ही चार भाऊ, चार चाकांचे. प्रत्येकाच्या अंगावर एक गोल खुंटी आणि तिला फिरवताना टक्-टक् वाजणारे सोळा खटके. खुंटी पिळली की आम्ही कडक, सोडली की मऊ. ज्या दिवशी आमची निवड झाली, त्या दिवशी शेजारच्या खोक्यात लालभडक, मिजासखोर शॉक होते. गाडी ताईची होती. ती अधूनमधून रविवारी डोंगराच्या रस्त्यावर शर्यतीत उतरायची. तिचा दादा लाल शॉकवर भाळला. "हेच घे! दगडासारखे कडक आहेत, गाडी हलणार नाही."

मेस्त्रीकाकांनी हात पुसले आणि एवढंच विचारलं, "गाडीत बसतं कोण?"

"रविवारी मी एकटी," ताई म्हणाली. "एरवी मागे बाबा असतात."

बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला न्यावं लागे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाठीला धक्के बसले तर पुन्हा उभं राहणं कठीण. घरात गाडी तर ही एकच. मग काय, लाल शॉक राहिले खोक्यात आणि आमची वर्णी लागली! काकांनी शिकवलं, "खुंटी आधी पूर्ण घट्ट करायची आणि तिथून मागे मोजायचं. शर्यतीला तीन खटके, बाबांना चौदा." ताईने कागदावर लिहिलं, 'बाबा – चौदा', आणि तो गाडीच्या खणात ठेवला.

मी मागच्या डाव्या चाकाचा, म्हणजे बरोबर बाबांच्या खालचा. ते बसले की मला त्यांचं वजन कळायचं. सहा महिने झकास गेले. ताईने दोन शर्यती जिंकल्या. बाबा काठी टेकून दारापर्यंत चालू लागले. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मी मनातून फुलून गेलो.

मग एका सोमवारी ताईला घाई होती, म्हणून खटके बदलायचं काम दादाने अंगावर घेतलं. मनाने चांगला, पण घाईचा माणूस! त्याने कागद वाचला, खुंटी पूर्ण सैल केली आणि तिथून चौदा खटके पिळले. उलट्या टोकाकडून मोजलं हो त्याने! मी मऊ व्हायचा, तो जवळजवळ दगड झालो.

त्या दिवशी प्रत्येक खड्डा बाबांच्या पाठीत गेला आणि मला तो जिरवता येईना. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. बाबांना तोंड होतं, पण ते हूं की चूं करेनात. पुढच्या सीटवर धक्के कमी लागतात, आणि ताईला तर शर्यतीतल्या कडक गाडीची सवय. ताईने आरशातून विचारलं, "बाबा, लागत नाही ना?"

"छे गं! मजेत आहे."

पुढच्या खेपेला ते दोन उशा घेऊन आले. "थंडी वाजते," म्हणाले. भर उन्हाळ्यात थंडी! त्यांची दारापर्यंतची चाल पुन्हा खाटेपर्यंत आली. पुढची शर्यत महिन्यावर होती, तोवर आमच्या खुंटीला कुणी हात लावणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

सुटका झाली ती अचानक. एकदा गाडी दादाने चालवली आणि ताई मागे बाबांशेजारी बसली. पहिल्याच खड्ड्याला ती ओरडली, "अरे थांबव! हे काय आहे?" रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून तिने खटके मोजले आणि तिचा चेहरा उतरला. दादाने तर डोकंच धरलं.

"बाबा, बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, शर्यतीसाठीच कडक ठेवलेत. बोललो असतो तर तू शर्यत सोडली असतीस गं, माझ्यापायी."

"खड्ड्यात गेली शर्यत!" म्हणत ती रडू लागली. तिथेच तिने चौघांच्या खुंट्या आधी पूर्ण घट्ट केल्या आणि तिथून चौदा खटके मागे घेतल्या. पुढे पुष्कळ महिने लागले, पण बाबा पुन्हा दारापर्यंत आले, आणि मग दाराबाहेरही.

काही वर्षांनी आम्ही थकलो. नवे शॉक बसले तेव्हा मी याच फळीवरून पाहत होतो. ताईने आधी बाबांना मागे बसवलं, गल्लीतून एक फेरी मारली आणि विचारलं, "बाबा, खरं सांगा."

तुमच्या मागेही कुणीतरी गप्प बसलेलं असेल, मित्रांनो. त्याला विचारा, आणि एकदाच विचारून सोडू नका. आणि मागे तुम्हीच बसला असाल, तर लाजू नका. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.

बाबांनी पाठ सीटला टेकून पाहिली. मग म्हणाले, "लागतंय गं थोडं. अजून दोन खटके सोड."