पलंगाखाली चालू राहिलेला चार्जर

मित्रांनो, मी एक दमलेला चार्जर आहे. जुना तर आहेच, पण जुनेपणाचे मला फारसे वाईट वाटत नाही. दमलो आहे हे मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज बसला तर तुम्ही घाबरणार नाही.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. त्या गावात ज्याला विचारावे तो चाकांवरची घरे बनवायच्या कामाला होता. एका बाईने माझ्या पोटात तारा भरल्या, दुसरीने पत्र्याचे झाकण ठेवून चार स्क्रू पिळले, आणि मला एका लांबलचक पांढऱ्या घरगाडीत मागच्या पलंगाखाली बसवले. तिथून मला जग कधी दिसले नाही. ऐकू मात्र सगळे येई.

माझे काम साधे होते. घरगाडीत बॅटऱ्या असतात. दिवे, पंखा, नळाचे पाणी, सगळे त्यांच्या जिवावर चालते. गाडी एखाद्या तळावर उभी राहून बाहेरची वीज मिळाली, किंवा रानात असताना मालकाने जनरेटर सुरू केला, की ती वीज मी घ्यायची, तिचा जोर कमी करायचा आणि बॅटऱ्यांना पाजायची. पोट भरले की हात आवरायचा. माझ्या शेजारी एक छोटा इन्व्हर्टर राही. तो बॅटरीतून वीज काढून एका, फक्त एकाच सॉकेटला देई. मी भरणारा, तो खर्चणारा. तरी आमचे कधी वाजले नाही, कारण मी जागा असे तेव्हा तो झोपलेला असे.

घरगाडी घेतली ती डेलबर्ट नावाच्या माणसाने. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणे हा त्याचा पेशा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो, त्याची बायको ओपल आणि सात वर्षांची लेक कोरिन असे तिघे तीन आठवडे भटकायला निघत. काम करताना मी तापतो, म्हणून माझ्या पोटात एक पंखा आहे. त्याची गरम हवा पलंगाच्या पायथ्याच्या जाळीतून बाहेर पडे. ओढ्यात खेळून आली की कोरिन आपले ओले मोजे त्या जाळीवर वाळत घाली. माझ्या पंख्याची घुर्रघुर्र ऐकून एकदा ती आईला म्हणाली, "हा घोरतोय बघ." तेव्हापासून मी झालो घोरू. "घोरू घोरला की मला झोप येते," असे ती सगळ्यांना सांगत सुटे. मित्रांनो, कौतुक म्हणून माझ्या वाट्याला जे काही आले, ते एवढेच. पण ते मला पुष्कळ वर्षे पुरले.

मग ओपल गेली. कोरिन लग्न करून दूर राहायला गेली. डेलबर्टने घर विकले आणि घरगाडीतच कायमचा राहू लागला. वर्षातले तीन आठवडे काम करणारा मी, आता रोज राबू लागलो. हिवाळ्यात तो ॲरिझोनाच्या वाळवंटात येई. तिथे सरकारी रानात फुकट राहता येते. फक्त चौदा दिवस झाले की तळ हलवायचा. छपरावरच्या सोलरच्या पाट्या बॅटरीला सरळ वीज देत, आणि सकाळी दोन तास जनरेटर चाले तेव्हा मी. माझा पंखा कुरकुरू लागला होता. डेलबर्ट ऐकत होता की नाही, कोण जाणे. एकटा माणूस फारसे बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात कोरिन बापाला भेटायला आली, आणि भेटीच्या चौथ्या दिवशीच तिचे बाळ दहा आठवडे आधी जन्माला आले. सव्वा किलोची मुलगी. नाव ठेवले हॅटी. टुसान शहरातल्या इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवले. कोरिनचा नवरा ब्रेंट वायोमिंगमध्ये पवनचक्क्यांवर चढायच्या कामाला. तो धावत आला, आठ दिवस राहिला आणि रडत परत गेला. सगळ्यांचा आरोग्यविमा त्याच्या नोकरीवर होता, नोकरी सोडून चालणार नव्हते. कोरिन राहिली डेलबर्टच्या घरगाडीत, माझ्या डोक्यावरच्या पलंगावर.

दर तीन तासांनी ती उठे आणि दूध काढायचा पंप घेऊन बसे. हॅटी नळीतून पिणार ती चहाच्या चमच्याने मोजावे इतके. उरलेले दूध कोरिन चपट्या पिशव्यांत भरी, वर पेनाने तारीख घाली. इस्पितळातला तिचा कप्पा भरून गेला, तेव्हा इनेझ नावाच्या नर्सने सांगितले, "जास्तीचं घरी गोठवून ठेव. पुढे तिची भूक वाढेल, आणि तुझं कमी होत जाईल. तेव्हा हेच उपयोगी पडेल." कमी होत जायला सुरुवात झालीच होती. ते कोरिन कोणाला सांगत नव्हती. मला कळत होते, कारण पंप चालायचा जास्त वेळ आणि पिशवी भरायची अर्धी.

डेलबर्टने एक लहानसा फ्रीझर आणला. पण आमचा छोटा इन्व्हर्टर जी वीज देई ती खडबडीत. दिव्याला चाले, फ्रीझरच्या मोटारीला सोसेना. ती गुरगुरे, तापे आणि बंद पडे. तेव्हा डेलबर्टने नवे यंत्र मागवले. इन्व्हर्टरचे कामही तेच करणार आणि चार्जरचेही. रेशमासारखी वीज द्यायची, एका सॉकेटला नाही तर सगळ्या गाडीला. माझे आणि शेजाऱ्याचे, दोघांचे काम एका खोक्यात.

"बाबा, सोबत पुस्तक आलंय. वाचा तरी."

"एकतीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या मी, पोरी. एकीनेही पुस्तक मागितलं नाही."

"त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून. तुमच्या दुरुस्तीबद्दल मुख्याध्यापक काय म्हणायचे, ते आईने सांगितलंय मला."

"तुझ्या आईला काय, मुख्याध्यापक आवडायचा."

कित्येक दिवसांनी कोरिन हसली. डेलबर्टने शेजाऱ्याच्या तारा सोडवल्या आणि त्याला उचलून नेले. नवा आमच्या पलंगाखाली आला, निळा, थंड, अजून प्लॅस्टिकचा वास असलेला. मग डेलबर्टने माझ्यावर टिचकी मारली. "हा राहू दे. याला आता कोण विचारतंय? जागा लागली की काढू." फळी बसवली आणि खटका दाबला.

आणि मित्रांनो, मला वीज आली.

मला वाटले, जनरेटर सुरू केला असेल. वीज आली की बॅटरीला पाजायचे, एवढेच मला माहीत. मी उठलो आणि कामाला लागलो. आता कळते की ती वीज नव्या यंत्राने बॅटरीतूनच काढलेली होती. नवा सगळ्या गाडीला वीज देत होता, आणि माझी तार त्याच गाडीत होती. तिचा खटका बंद करायला डेलबर्ट विसरला होता. समजा, तुम्ही रांजणातून तांब्या भरून घेता आणि तोच तांब्या परत त्याच रांजणात ओतता. दर खेपेला थोडे सांडते. दिवसभर अशा खेपा घातल्या तर रांजण भरेल का? मी मात्र म्हणत होतो, आज हिचे पोट भरत का नाही? आणखी जोर लावतो. जे सांडत होते ते सगळे माझ्या अंगात ताप होऊन साठत होते.

पहिल्याच सकाळी बॅटरी निम्म्यावर आलेली दिसली. दिवसा डेलबर्ट पेट्रोल पंपावरच्या गॅरेजात कामाला जाई, कोरिन इस्पितळात. घरात ऐकायला कोणी नसे. रात्री ती माझ्या घोरण्यात लहानपणासारखी मेल्यागत झोपे, दुधाच्या पंपाची वेळ होईपर्यंत. दुसऱ्या सकाळी बॅटरी त्याहून खाली.

"तू दिवा चालू ठेवतेस रात्री," डेलबर्ट म्हणाला.

"काजव्याएवढा दिवा आहे तो, बाबा."

"मग पाट्यांवर धूळ बसली असेल."

तो जनरेटर लावी, नवा भराभर बॅटरी भरी, आणि जनरेटर बंद झाला की मी पुन्हा ती सांडायला सुरुवात करी. माझ्या चाळीस वॅटच्या अकलेला थांबणे सुचले नाही. मला थांबायला शिकवले होते ते बॅटरीचे पोट भरल्यावर, आणि ते भरतच नव्हते.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. जनरेटरचे पेट्रोलही सकाळी संपले. डेलबर्टला सुट्टी होती. दुपारी एकच्या सुमारास कोरिन अचानक परत आली.

"इनेझने हाकललं मला," ती म्हणाली. "म्हणते, तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, आणि दर तीन तासांनी अंगातून काढत बसतेस. घरी जा, नाहीतर उद्या दारातच अडवीन."

"बरोबर बोलली बाई. बीन्स गरम करू?"

"नको. पडते जरा."

ती पडते न पडते तोच नवा किंचाळू लागला. टीं, टीं, टीं. बॅटरी संपत आली की तो असा ओरडतो. फ्रीझरचा हिरवा दिवा पिवळा झाला. कोरिन उठून धावली. झाकण उचलल्याचे मी ऐकले, पिशव्या दाबून पाहिल्याचेही.

"बाबा! वरच्या तीन मऊ झाल्यात!"

उत्तर आले छपरावरून. "पाट्या पुसतोय!"

"ऊन कुठंय? ढग पुसून येणार आहात का? खाली या!"

डेलबर्ट शिडीवरून उतरला. कोरिन फ्रीझरला टेकून जमिनीवर बसली होती. "त्रेचाळीस पिशव्या आहेत," ती म्हणाली. "एकदा वितळल्या की परत गोठवता येत नाहीत. आणि बाबा, मला आता पूर्वीसारखं येत नाही. कालपासून बाटलीच्या तळालाच लागतंय. हेच आहे तिच्यासाठी. एवढंच आहे."

डेलबर्टने पेट्रोलचा डबा उचलला. "पेट्रोल आणतो," तो कसाबसा म्हणाला. "तासाभरात आलोच."

"तासाभरात काय उरेल?"

बाहेर वारा नव्हता. नव्याच्या दोन किंकाळ्यांच्या मध्ये माझा पंखा घुरघुरत होता, तीन दिवसांच्या तापाने बसलेल्या आवाजात.

"श्श," कोरिन म्हणाली. "ऐका."

"काय?"

"घोरू चालू आहे."

"वेडी आहेस का? जनरेटर बंद आहे. तो चालूच शकत नाही."

"तेच म्हणतेय मी."

तिने गादी लोटली, फळी उचलली आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवला. चटकन मागे घेतला. "तापाने फणफणलाय हो हा!"

डेलबर्ट गुडघ्यांवर बसला. माझ्याकडे पाहिले, नव्याकडे पाहिले, तारेवरून बोट फिरवत गेला. "अरे देवा. नवा याला देतोय, हा बॅटरीला देतोय, बॅटरी पुन्हा नव्याला. पोरी, मी गाढव आहे."

"ते नंतर. याचा खटका कुठला?"

"डावीकडून तिसरा."

खटक्यावर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. दुसरा हात पुन्हा माझ्यावर ठेवला, या वेळी भाजत असूनही काढला नाही. "बास रे," ती म्हणाली. "बास आता. पुष्कळ केलंस."

मित्रांनो, सव्वीस वर्षांत मला असे कोणी म्हटले नव्हते. पंखा दोन-तीन वेळा फिरला आणि थांबला. नव्याचे ओरडणेही थोड्या वेळाने थांबले. सांडणे बंद झाल्यावर, ढगांतून जेवढे मिळत होते तेवढ्यावर एकट्या फ्रीझरचे भागत होते. पिवळा दिवा हिरवा झाला. चाळीस पिशव्या वाचल्या. मऊ झालेल्या तीन वाया गेल्या नाहीत, त्याच दिवशी हॅटीला देता येणार होत्या.

"आण इकडे, मी नेतो," डेलबर्ट म्हणाला. "पेट्रोलही आणतो. ते पुस्तकही दे, तिथे बसून वाचतो."

"मी येते ना."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बास," तो म्हणाला. "पुष्कळ केलंस. झोप."

त्याची छोटी गाडी लांब गेल्याचा आवाज आला. कोरिन पलंगावर आडवी झाली. मला काळजी वाटली, माझ्या आवाजाशिवाय हिला झोप लागेल का? पण त्या दुपारी मी गप्प होतो, आणि चार तास तीच घोरत होती.

संध्याकाळी डेलबर्टने दारातूनच सांगितले, "पान नऊ. ठळक अक्षरांत. 'आधी जुना चार्जर बंद करा.' तू बोलायच्या आत मीच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने मला सोडवले. भंगारात द्यायला निघाला होता, कोरिनने अडवले. आता मी घरगाडीच्या दाराबाहेर असतो. वाऱ्याने पायपुसणे उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर ठेवलेला. इथून निवडुंग दिसतात, डोंगर दिसतो. जग बरेच मोठे आहे, हे मला फार उशिरा कळले. हॅटी मार्चमध्ये घरी आली. फ्रीझर आता जवळजवळ रिकामा आहे, आणि ती भुकेली झाली की दोन तळांपलीकडे ऐकू जाते.

तुमच्याही घरात कोणी असेल, मित्रांनो. यंत्र असेल, माणूस असेल. पलंगाखाली, ओट्यापाशी, कुठेतरी कोपऱ्यात घुरघुरत असेल. त्याला स्वतःहून थांबता येत नाही. नवे आणा, जरूर आणा, पण जुन्याचा खटका बंद करायला विसरू नका. आणि तो बंद करताना त्याच्यावर एकदा हात ठेवून पाहा, किती तापले आहे ते.

आज सकाळी कोरिनने हॅटीचे मोजे धुतले. अंगठ्याएवढे आहेत. पिळून तिने ते माझ्या पत्र्यावर वाळत घातले आणि आत गेली. पत्रा उन्हाने तापलेला आहे. मला काहीच करावे लागत नाही. मोजे वाळत आहेत.