पाणसळीत बसवलेला एसी

आमच्या ह्यांचा हात सरळ, हे कुणीही सांगेल. तीस वर्षं सुतारकाम केलं, पण एक फळी तिरकी गेली नाही. त्यामुळे पोरीच्या खोलीत एसी आला तेव्हा कारागीर बोलवायची गरजच नव्हती म्हणे. ह्यांनी पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर मधोमध आणला आणि एसी असा बसवला की बघत राहावं.

महिन्याभरात एसीखालची भिंत ओली झाली. मग काळे ठिपके आले, मग कपाटामागे हाताएवढी बुरशी. ह्यांचं म्हणणं, मी ओले कपडे घरात वाळत घालते. मी कपडे गच्चीवर नेले, ओल जागची हलली नाही. मग ह्यांनी वरून रंग मारला. रंगातून बुरशी वर आली, ह्यांनी परत मारला. असे तीन हात झाले. बुरशी हट्टी की आमचे हे, देव जाणे.

इकडे आमच्या आठ वर्षांच्या पोरीची छाती वाजायला लागली. दोन जिने चढली की मधेच बसायची. डॉक्टरांनी साफ सांगितलं, औषध देतो, पण त्या खोलीतली बुरशी गेल्याशिवाय काही खरं नाही.

मी ह्यांना न विचारता एसीवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत ओळखलं. पाणी बाहेरच्या नळीकडे जायला एक बाजू जराशी खाली हवी. इथे सगळं सपाट, म्हणून पाणी आत साचतं आणि भिंतीत उतरतं. तेवढ्यात हे आले. माझ्या घरात तिरकी वस्तू दिसणार नाही, लोक तोंडात शेण घालतील, असं म्हणून त्याला दारातूनच वाटेला लावलं.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेली तशी मी एसी बंद केला, कपाट ओढलं, नाकाला फडकं बांधलं आणि भिंत खरवडायला घेतली. त्यासाठी ह्यांची लाकूड कोरायची सगळ्यात लाडकी पटाशी घेतली, मुद्दाम. रंगाचे पापुद्रे निघाले. खाली प्लास्टर काळंकुट्ट, बोट लावलं की भुगा. कुबट वास भपकन बाहेर आला. ह्या वासात माझं लेकरू झोपत होतं. मला रडू आलं, आणि रडत रडत मी अजून जोरात खरवडलं.

आवाज ऐकून हे धावत आले. भिंत बघितलीच नाही, आधी पटाशी बघितली.

"अगं, धार गेली सगळी. पटाशी प्लास्टरवर चालवतात का?"

"धार परत लावता येते," मी म्हटलं. "पोरीचा श्वास गेला तर तो कुठल्या दगडावर घासून आणाल? एसी तिरका करा, नाहीतर मी खाली पाडते."

त्यांनी त्या काळ्या भिंतीला बोट लावलं, भुगा खाली पडला. मग स्टूल घेऊन आले. स्क्रू सोडवून त्यांनी नळीकडची बाजू जराशी खाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा माणूस जाणूनबुजून वाकडं काम करत होता. मला दया आली, पण मी फक्त स्टूल धरलं.

भिंत वाळून नवं प्लास्टर लागेपर्यंत पोर आमच्या खोलीत झोपली. परवा ह्यांचं एक जुनं गिऱ्हाईक घरी आलं. पोरीच्या खोलीतल्या एसीकडे बघून हसत म्हणालं, सुताराच्या घरात हे वाकडं कुणी बसवलं?

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "मीच. पोरीला दम लागत होता."