डाव्या चाकाची जोडणी

रात्रपाळी करून ती इस्पितळातून घरी आली, तेव्हा नवरा शेडमध्ये सतरंजीवर पालथा पडून तिची वाट बघत होता. शेजारी गाडी, पुढून लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर उचललेली. उजवं चाक जागेवर, डावीकडे नुसतं भगदाड.

चष्म्याच्या दुकानात एवढेएवढेसे स्क्रू पिळण्यात निम्मं आयुष्य गेलेला माणूस. गाडीचा पुढचा खडखडाट मीच काढतो, एका रविवारचं काम, असं त्याने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. उजवी बाजू झालीही. डावीकडचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात, ओढून काढताना त्याच्या कमरेत उसण भरली ती भरलीच. तेव्हापासून ती बस बदलत कामावर जायची, आणि घरी आली की आणखी एक पेशंट.

"आधी चहा घे," तो म्हणाला.

"चहाला बसले तर तिथेच झोपेन. सांगा, काय करू?"

तो पडल्यापडल्या सांगत गेला, ती करत गेली. नवा आर्म सांगाड्यात बसला, बोल्ट गेले. पण त्याच्या टोकाची दांडी चाकाकडच्या वरच्या भोकात जाईना. आर्म ताठ होऊन वरच ओढत होता. वर लांब पाइप अडकवून आर्म खाली दाबायचा आणि त्याच वेळी दांडी भोकाखाली आणायची, म्हणजे दोन हात कमीच. नवरा कोपरावर उठायला गेला आणि "आई गं" करत परत आडवा झाला.

हाक ऐकून सासूबाईच आल्या. गाडी उघडल्यापासून दोघींचं कामापुरतंच बोलणं होतं. बायकोने त्याला वेळीच अडवायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

"आई, या पाइपावर जोर द्या."

सासूबाईंनी पाइपाकडे बघितलं आणि सरळ त्याच्यावर बसल्या. आर्म निमूट खाली गेला.

"जन्मभर वजनावरून बोलणी खाल्ली. घ्या, आलं कामाला!"

"हलू नका हं!"

"हलायला अंगात जीव कुणाच्या आहे?"

तिला हसू फुटलं. हसतहसतच तिने दांडी नेमकी भोकाखाली आणली. सासूबाई हळूहळू उठल्या तशी दांडी आत सरकली, बोल्ट आरपार गेला. मग शॉकअब्जॉर्बरचे बोल्ट. शेवटी हात पुसत ती म्हणाली, "झालं."

नवऱ्याने दबक्या आवाजात विचारलं, "सांगाड्याकडचे नट पक्के आवळलेस?"

"होता नव्हता तो जोर लावून."

"ते गाडीचं वजन आल्यावर आवळायचे असतात. आत रबर आहे. आर्म लोंबकळत असताना आवळलं की त्याला पीळ बसतो, मग लवकर फाटतं. सांगायचं राहिलंच माझ्याकडून."

तिने पाना भिरकावला. फरशीवर तो खणकन आपटला.

"राहू दे, चालेल," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "एक काम धड होत नाही माझ्याने." त्याचे खांदे हलत होते. सासूबाई जवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ती बंपरला टेकून बसली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. चालेलही कदाचित, काही महिने. मग पुन्हा हीच शेड, हीच सतरंजी. ते चित्र डोळ्यांसमोर आलं तशी ती उठली. प्रेमाबिमाने नव्हे; या गाडीखाली पुन्हा शिरायची तिची तयारी नव्हती.

नट सैल केले. आर्मखाली जॅक लावून, गाडीचा भार त्यावर येईतो उचलला. पुन्हा आवळले. चाक चढवलं, घोड्या काढल्या.

कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून ती परत आली.

"खडखड?" नवऱ्याने विचारलं.

"गेली. पण सरळ चालवताना स्टिअरिंग वाकडं राहतंय."

"चाकांची अलाइनमेंट करावी लागेल. ते मशीनवरच होतं, उद्या दाखवू."

सासूबाईंनी गाडीचं दार उघडलं, तर ती स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपली होती.

"अगं, आत चल, नीट आडवी हो."

"येते," ती म्हणाली, आणि तिथेच झोपून राहिली.