दोनच मुली

अजलून गावातल्या त्या घरात सकाळपासून द्राक्षाच्या पानांत भात भरणं चाललं होतं. इब्तिसामच्या थोरलीला, सवसनला, मागणी घालायला बायका येणार होत्या. मधली दुहा शिकायला अम्मानला. राहिली धाकटी रीमास, नऊ वर्षांची.

"तिला मागच्या खोलीत घाल. कडी लाव," हाज्जा फिद्दा म्हणाल्या. इब्तिसामची सासू, आणि सख्खी आत्याही.

रीमासच्या अंगभर कॉफीच्या रंगाचे डाग. आमच्याकडे असल्या डागांना नावच डोहाळ्यांवरून पडलंय. पोटुशीला कॉफीचे डोहाळे लागले आणि पुरवले नाहीत, की ते पोराच्या अंगावर उमटतात म्हणे. म्हणजे खापर कुणाच्या डोक्यावर? आईच्याच!

इर्बिदच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आजार जन्माचा, नसांवर गाठी येणारा. डोहाळ्यांचा काडीचा संबंध नाही. "पोर मठ्ठ नाही. वाचायला, आकडेमोड करायला, लक्ष टिकवायला तिला वेळ लागतो. इथल्या शाळेत अशा मुलांचा वेगळा वर्ग आहे, तिथं नाव घाला. जितका उशीर कराल तितकी ती मागं पडेल."

त्यांनी लिहून दिलेला कागद महिनाभर कपाटात पडून होता.

"नाव घातलंस की गावभर बोभाटा," हाज्जा म्हणाल्या. "रक्तातच खोट आहे म्हणतील. आधी सवसनचं होऊ दे, मग दुहाचं."

"तोवर रीमास मोठी होईल, आत्या."

"होऊ दे की. तिला कुठं वकिली करायचीय?"

इब्तिसामचा नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही. माहेरी जावं, तर बाप याच आत्याचा भाऊ. दाद मागायची कुणाकडे? तिनं रीमासला खोलीत बसवलं, हातात मामूल, खजूर भरलेलं बिस्कीट, दिलं आणि कडी लावली. कडी लावताना तिचा जीव तुटला, पण लावली.

बायका आल्या, बसल्या, सवसनला निरखून झालं. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "मुली किती तुम्हाला?"

हाज्जांनी सुनेकडे पाहिलं.

"दोनच," इब्तिसाम म्हणाली.

बोलणी जमली. तोंडं गोड झाली. हाज्जा पाहुण्यांना पोचवायला खाली उतरल्या, तशी इब्तिसामनं धावत जाऊन कडी काढली. रीमास बोटं मोजत बसली होती.

"आई, तू चुकलीस."

"काय गं?"

"दोन म्हणालीस. सवसनताई एक, मी दोन." तिनं तिसरं बोट धरून ठेवलं. "दुहाताई राहिली ना. तिला कळलं तर वाईट वाटेल."

इब्तिसामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघींत आपण नाही, हे पोरीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिनं रीमासचा हात धरला आणि जिना उतरली. पाहुण्यांची गाडी अजून दारातच होती. हाज्जा आडव्या आल्या. त्यांना बाजूला सारून तिनं काचेवर टकटक केलं.

"मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मुली तीन आहेत. ही तिसरी. उद्यापासून इर्बिदच्या शाळेत जाणार आहे."