सात सर्किटांची पडताळणी

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मावशीच्या घरात मोजण्यासारख्या गोष्टी अशा होत्या : खोल्या तीन, पॅसेज एक, बाथरूम एक, दिवे सहा आणि पंखा एक, या सातांच्या स्विचबोर्डांमागे बसवलेली, काडेपेटीहून लहान अशी सात सर्किटं, राउटर एक, टीपॉयवर बोलकी गोल डबी एक, वॉकर एक आणि तो दोन्ही हातांनी धरून उभी असलेली मावशी. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंतचं अंतर सहा मीटर दहा सेंटिमीटर. गेल्या दोन महिन्यांत मावशी या अंतरात दोनदा पडली होती.

डबीला सापडलेली उपकरणं : एक.

"एकच?" मावशीने विचारलं.

"एकच," फूटपट्टी म्हणाली.

फूटपट्टी म्हणजे मावशीची भाची. नवव्या वर्षी तिने घरातल्या प्रत्येकाच्या नाकाची लांबी मोजून भिंतीवर तक्ता लावला होता. त्या दिवशी बारशाचं नाव मागे पडलं ते पडलंच. आता ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली होती, पण तिच्या डिग्रीच्या फोटोखालीसुद्धा घरच्यांनी 'आमची फूटपट्टी' असंच लिहिलं होतं.

मावशीचं कंबरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि वॉकर आला. वॉकरला दोन हात लागतात आणि माणसाला हात दोनच असतात. दिव्याचं बटण दाबायचं तर एक हात सोडायचा. पहिल्यांदा ती पडली ती नेमकी पॅसेजमधलं बटण दाबताना. पलंगाजवळ नवीन बटण बसवून पुढच्या वाटेचं काहीच होत नव्हतं. हालचालीवर लागणारा दिवा आणून पाहिला, तर मावशीने कूस बदलली तरी तो लागायचा. रात्रभर दिवे चालू ठेवा म्हटलं, तर मावशी म्हणाली, "मी काय पोल्ट्रीतली कोंबडी आहे?" दुसऱ्यांदा ती अंधारात पडली. त्यानंतर दादाचा फोन आला.

दादा म्हणजे मावशीचा मुलगा. साडेतीनशे किलोमीटरवरच्या शहरात, अकराव्या मजल्यावर राहणारा.

"रविवारी येतोय आई. आणि तुला घेऊनच जाणार. खोली रंगवून ठेवलीय."

"रंग कुठला?"

"पिस्ता."

"अरे देवा," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिच्या पुढच्या खोलीत पुस्तकांची चार कपाटं होती. एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर तिने घरीच छोटं वाचनालय मांडलं होतं. रोज चारनंतर आजूबाजूची दहा-बारा माणसं पुस्तक बदलायला म्हणून उभ्याउभ्या येत आणि बसून तासभर बोलत. ही कपाटं अकराव्या मजल्यावर जाणार नव्हती, आणि माणसं तर नाहीच नाही. "पाहुणी तिसऱ्या दिवशी जड होते," ती फूटपट्टीला म्हणाली होती, "लेकाच्या घरात असली तरी. तू काहीतरी कर बाई. तुझं शिक्षण कशाला आहे?"

म्हणून ही सात सर्किटं. फूटपट्टीने ती स्वतःच्या घरी जुळवली, त्यांचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला आणि एकेक करून तपासली. डबीला "नवीन उपकरणं शोध" म्हटलं की डबी घराच्या वायफायवर हाक मारते : कोण कोण आहे? सर्किटाने ओ द्यायची आणि आपली ओळख सांगायची. मग डबी त्याला ओळखू लागते आणि "पॅसेज लाव" म्हटलं की पॅसेजचा दिवा लागतो. फूटपट्टीच्या टेबलावर सातही सर्किटं अशीच, एकेक करून, वीस सेकंदांच्या आत सापडली होती. मावशीच्या घरी वायरमनकाकांनी ती स्विचबोर्डांमागे जोडून दिली. "बटण दाबायला काय होतं हल्ली लोकांना," ते स्क्रू पिळता पिळता पुटपुटले. मग त्यांची नजर वॉकरकडे गेली आणि बाकीचे स्क्रू त्यांनी मुकाट्याने पिळले.

आणि आता सातांतलं एक. स्वयंपाकघर.

शुक्रवारी सकाळी फूटपट्टीने राउटरपासून सुरुवात केली. राउटर दोन वायफाय देत होता, एक जलद आणि एक लांब पोचणारं. डबी एकावर आणि सर्किटं दुसऱ्यावर असतील तर एकमेकांची हाक कधी कधी ऐकू येत नाही. तिने सगळ्यांना एकाच वायफायवर आणलं. शोध : एक. पण या वेळी पॅसेज.

"स्वयंपाकघर कुठे गेलं?" मावशी आरामखुर्चीतून म्हणाली.

"मी जुनी यादी पुसून टाकली होती. आता पॅसेज सापडला."

"म्हणजे स्वयंपाकघर रुसलं?"

"मावशी, प्लीज."

तिने राउटर मधल्या खोलीत आणला. शोध : एक, बाथरूम. डबी बंद करून चालू केली. एक, पंखा. दुपारपर्यंत तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग तिने राउटरची जागा, डबीची जागा आणि पासवर्ड अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. तिच्या हातून असं कधी होत नसे.

"ए, थांब," मावशी म्हणाली. "हे तू वैतागून करते आहेस. चहा टाक. आणि मला एक वही दे."

"कशाला?"

"तू हात चालव, मी लिहिते. आमच्याकडे पुस्तक हरवलं की आधी कपाटं हलवत नसत."

साडेपाचपर्यंत वहीत अकरा ओळी झाल्या. वाचक येऊन जाऊन होते; एका निवृत्त टपालवाल्यांनी डबीला उद्देशून "अगं, ओळख दाखव ना सगळ्यांना!" अशी विनवणीही करून पाहिली. तेही वहीत नोंदलं गेलं. निकाल : एक, मधली खोली.

संध्याकाळी मावशीने चष्मा पुसला आणि वही मांडीवर घेतली.

"अकरा वेळा शोधलंस. अकराही वेळा एकच सापडलं. शून्य कधी नाही, दोन कधी नाहीत. आणि तो एक दर वेळी निराळा. कपाटात उंदीर शिरला असता तर पानं कुठेही कुरतडली असती. हे कुरतडणं नाही. हा नियम आहे कसलातरी."

फूटपट्टी वहीकडे बघत राहिली. सिग्नल कमी पडत असता तर लांबचं बाथरूम कधीच सापडलं नसतं आणि जवळचा पंखा नेहमी सापडला असता. तिने लॅपटॉप उघडला आणि डबीच्या हाकेला वायफायवरून काय काय उत्तरं येतात ते पडद्यावर आणलं.

"सात," ती म्हणाली. "मावशी, साती ओ देताहेत! मग ही बया एकच का मोजते?"

"वाच बघू."

"स्वयंपाकघर, पॅसेज, बाथरूम, पंखा..."

"असं नाही. पूर्ण ओळ वाच. साठा पडताळणी माहीत आहे ना? वर्षातून एकदा वाचनालय बंद ठेवून मी आणि माझी मदतनीस, आम्ही दोघी बसायचो. एकीने पुस्तक हातात घेऊन सगळं वाचायचं, दुसरीने नोंदवहीत खूण करायची. नाव वाचून भागत नाही. नाव माणसाच्या डोळ्यांना ओळखीचं असतं, डोळे पुढे सरकतात. दाखल क्रमांकासकट वाच."

"यात दाखल क्रमांक नसतो मावशी. अनुक्रमांक असतो, सर्किटाची ओळख म्हणून."

"तेच ते. वाच."

फूटपट्टीने उसासा टाकला. "स्वयंपाकघर. अनुक्रमांक, शेवटचे आकडे चार चार एक सात."

मावशीने लिहिलं. "हं."

"पॅसेज. चार चार एक सात."

मावशीचं पेन थांबलं.

"बाथरूम. चार चार..." फूटपट्टी अडखळली. पुढच्या चार ओळी तिने मनात वाचल्या. मग लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

"मीच केलंय हे."

"काय केलंस?"

"तपासताना दर वेळी क्रमांक बदलत होता. मला ते नको होतं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तंतोतंत सारखं ठेवायचं. म्हणून मी क्रमांक बांधून टाकला. साती सर्किटांत नाव तेवढं वेगळं, बाकी अक्षर न् अक्षर सारखं. प्रयोगशाळेत याच्याबद्दल मला शाबासकी मिळाली असती."

"आणि डबी नावाकडे बघत नाही."

"नाही. क्रमांक बघते. पहिल्याने ओ दिली की तो नोंदवते. बाकीचे सहा जण तोच क्रमांक सांगतात, तर तिला वाटतं, हा पहिलाच पुन्हा पुन्हा ओरडतोय. जो आधी बोलेल तो सापडतो." ती रडवेली हसली. "मी तिला दिवसभर शिव्या घातल्या. तिचं बरोबर होतं."

"आमच्याकडे एक नवीन कारकून आला होता," मावशी म्हणाली. "शब्दकोशाच्या बारा प्रती आल्या. पठ्ठ्याने बाराही प्रतींवर एकच दाखल क्रमांक मारला, पुस्तक एकच ना म्हणून. वर्षभर एक प्रत बाहेर गेली की बाराच्या बारा बाहेर गेल्याची नोंद व्हायची. अकरा शब्दकोश कपाटात बसून धूळ खात होते. हुशार मुलगा होता हं. अति नेटका."

"टोमणा कळला."

"कळलाच पाहिजे, एम.एस्सी. आहेस."

प्रत्येक चिपला कारखान्यातूनच एक वेगळा क्रमांक मिळालेला असतो. तोच ओळख म्हणून वापरायचा, एवढाच बदल. प्रोग्रॅममध्ये एक ओळ कमी झाली आणि एक वाढली. पण तो सातही सर्किटांत नव्याने भरायचा, तर स्विचबोर्ड उघडायला वायरमनकाका हवे होते. ते शनिवारी दहाला आले आणि मेन बंद करून एकेक बोर्ड उघडू लागले. या वेळी ते पुटपुटले नाहीत, उलट, बाथरूमचं सर्किट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "माझ्या वडिलांकडे असं बसवता येईल का हो? त्यांचेही गुडघे गेलेत."

दुपारी पडताळणी झाली. फूटपट्टीने पूर्ण ओळी वाचल्या, मावशीने खुणा केल्या. सात नावं, सात क्रमांक, एकही दुसऱ्यासारखा नाही. शोध : सहा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुन्हा शोध : सात. मेन चालू केल्यावर पंख्याचं सर्किट इतरांपेक्षा उशिरा जागं होत होतं, एवढंच. मावशीने वहीत लिहिलं, 'पंखा आळशी', आणि वॉकर धरून उठली.

"डबीबाई, पॅसेज लाव."

पॅसेज उजळला. मावशी त्याच्याकडे बघत उभी राहिली, ओळखीचं माणूस पुष्कळ वर्षांनी दारात दिसावं तशी.

रविवारी तीन वाजता दादा आला. हातात दोन रिकाम्या बॅगा होत्या आणि डोळ्यांखाली गाडी चालवल्याचा शीण. बॅगा त्याने कपाटांना टेकवून ठेवल्या.

"दिवे आवाजावर लागतात, हे मला फोनवर कळलं," तो म्हणाला. "छानच आहे. पण इंटरनेट गेलं तर?"

"तर सर्किटं आपणहून दिवे लावून ठेवतात," फूटपट्टी म्हणाली. "काल मी पाच वेळा तार काढून पाहिली. बिघडायचंच असेल तर उजेडात बिघडायचं, असं लिहिलंय त्यांना."

"आणि वीजच गेली तर?"

"तर तुझ्या अकराव्या मजल्यावर काय सूर्य उगवतो?" मावशीने विचारलं. "लिफ्टसुद्धा बंद."

दादा हसला नाही. "आई, मला चेष्टा सुचत नाही. दुसऱ्यांदा पडलीस तेव्हा तू चाळीस मिनिटं जमिनीवर होतीस. मी फोन करत होतो आणि तो वाजतच होता. तो वाजणारा फोन मला अजून ऐकू येतो."

मावशीने वॉकरवरची पकड बदलली.

"मग तू बघ," ती हळूच म्हणाली. "पडदे ओढ, सगळे दिवे घालव. मी पलंगावरून बाथरूमला जाते आणि परत येते. तू म्हणशील तितक्या वेळा. एकदा जरी हात सुटला, तरी बॅगा भर. मी चकार शब्द काढणार नाही."

"मावशी!" फूटपट्टी म्हणाली.

"तू गप. तू वही घे."

दादाने पडदे ओढले. सहा फेऱ्या ठरल्या, मध्ये दहा-दहा मिनिटं विसावा. पहिल्या दोन फेऱ्यांना तो दोन्ही हात पसरून आईच्या पाठोपाठ चालला, मूल सायकल शिकत असताना चालतात तसा. तिसऱ्या फेरीला हात खाली आले. चौथ्या फेरीत डबी गप्प राहिली. मावशी काळोखात जागच्या जागी थांबली, दादाने श्वास रोखला, मावशीने पुन्हा हाक दिली आणि मगच, उजेडात, पाऊल उचललं. पाचव्या फेरीला तो पलंगाच्या कडेला बसून नुसता बघत होता. सहाव्याला कपाटातलं एक पुस्तक हातात घेऊन त्यानेच विचारलं, "या पिवळ्या पुस्तकाचा दुसरा भाग आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. नोंद करून ने. पंधरा दिवसांत परत."

"महिना दे. महिन्याने येईन, तेव्हा पुन्हा मोजू."

"महिना," मावशी म्हणाली.

फूटपट्टीच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी : फेऱ्या सहा. दिवे लावण्या-विझवण्याचे हुकूम छत्तीस. पहिल्या हाकेला पाळलेले पस्तीस, दुसऱ्या हाकेला एक. हाकेनंतर दिवा लागायला लागलेला सर्वांत जास्त वेळ, दोन पूर्णांक तीन दशांश सेकंद. वॉकरवरून हात सुटला, शून्य वेळा. दादाची गाडी निघाली सहा वाजून दहा मिनिटांनी. गाडीत माणसं, एक.