आवाज वाढव

"ताई, तुमच्याकडे प्रतिक्रियांत रडकी तोंडं किती झाली हो?" शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने एका कानावरचा हेडफोन बाजूला करत विचारलं.

"ती काय मोजायची असतात? राहू द्यायची आणि पुढे जायचं."

"माझ्याकडे सकाळपासून नुसती रडारड चाललीय. आणि रडतील नाही तर काय! बारा वर्षांनी अल्बम आला बारक्याचा. मी तर पहिल्याच दिवशी पहाटे उठून ऐकला. चौथं गाणं ऐकलंत का तुम्ही?"

"मला नाही कळत त्यातलं काही," ताई म्हणाली आणि पुढच्या प्रतिक्रियेकडे वळली.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबलचक खोलीत वीस माणसं ओळीने बसून दिवसभर जगाची मतं वाचत. गाणी, जाहिराती, बातम्या यांच्याखाली लोक जे काही लिहितात, ते कुणीतरी आधी वाचावं लागतं, हे लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं. पडद्यावर तीन बटणं होती. 'राहू द्या', 'काढा' आणि 'वर पाठवा'. एका प्रतिक्रियेला तीन सेकंद. ताई हे काम सहा वर्षं करत होती आणि तिचा हात चुकला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिचं वय सत्तेचाळीस, खोलीत सगळ्यात जास्त, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. सुरुवातीला त्या हाकेला ती चटकन ओ द्यायची नाही. मग सवय झाली. ज्याने खरं म्हणजे ताई म्हणायचं, तो आठ वर्षांत एकदाही बोलला नव्हता.

तो म्हणजेच बारक्या. लोकांना वाटायचं, रॅपरचं हे नाव कंपनीने शोधून काढलं असेल. ते ताईने ठेवलेलं होतं. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून.

अल्बम येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्याखालच्या प्रतिक्रिया ताईच्या वाट्याला आल्या होत्या. योगायोगच. नातेवाइकाचं काम आलं तर शिफ्टप्रमुखाला सांगून ते सोडायचं, असा नियम होता. ताईने नियम वाचला होता, सहीही केली होती, आणि आता ती मूग गिळून बसली होती. कारण या तीन आठवड्यांत तिला घरात माणूस असल्यासारखं वाटत होतं. सकाळी आठला खुर्चीत बसलं की कुणीतरी बारक्याबद्दल बोलायला हजर.

'कॉलेजात असताना या अल्बमची वाट बघत होतो. आज मुलीला शाळेतून आणताना ऐकला. गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो.' राहू द्या.

'बारा वर्षांत माझं लग्न झालं आणि मोडलंसुद्धा. भावा, तू जरा लवकर आला असतास तर ते तरी वाचलं असतं.' राहू द्या. यावर ताई चक्क हसली.

'यापेक्षा आमचा मिक्सर बरा वाजतो.' राहू द्या. मत आहे, शिवी नाही. जरा चरफडली, पण राहू दिलं.

आणि मग नवव्या गाण्याचं गाऱ्हाणं. ते रोज यायचं, दर पाच-दहा प्रतिक्रियांमागे एक.

'नऊ नंबर वाजत नाही, माझा फोन बिघडलाय का?'

'फोन नाही, तो मुकाच आहे. चार मिनिटं अकरा सेकंद काहीच नाही. कलाकार आहे तो, तुम्हाला नाही कळायचं.'

'कसली कला? कंपनी झोपली होती.'

'मुलाखतीत म्हणाला ना तो, नववं गाणं माझं एकट्याचं नाही म्हणून. हक्कांचं भांडण असणार. वकील, दुसरं काय!'

'सगळ्यांनी आवाज पूर्ण वाढवून ऐका. सुरुवातीला टक् असा आवाज येतो. शेवटी परत टक्. मध्ये काही नाही. अंगावर काटा येतो.'

ही शेवटची प्रतिक्रिया ताईने पहिल्या आठवड्यात वाचली होती. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने हेडफोन लावले आणि आवाज वाढवला. टक्. तिने तो आवाज हजारांत ओळखला असता. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या रेडिओचं बटण. सुरू करताना जरा कडक लागायचं, मग टक् करून वळायचं. बाबा गेल्यावर बारक्याने घरातून ती एकच वस्तू नेली होती. ताईच्या आताच्या घरात रेडिओ नाही. शेजारच्यांचा लागला तर ती खिडकी लावून घेते.

चार मिनिटं अकरा सेकंदांत खरं काय होतं, ते ताईला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी तो ते गाणं घेऊन घरी आला होता. बाबा पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले, अर्धं अंग लुळं. बारक्याने ताईच्या कानांवर हेडफोन चढवले. तिचे हात भांड्यांच्या साबणात होते, तसेच राहिले.

गाणं बाबांच्या पट्ट्याबद्दल होतं. बाबा कारखान्यात कामगारांची हजेरी मांडायचे. अख्ख्या चाळीला ते देवमाणूस वाटत, कुणाच्या अडीनडीला धावून जाणारे. घरी आले की कधी कधी पट्टा निघायचा, आणि तो फक्त बारक्यासाठी. आई नव्हती. ताई नऊ वर्षांनी मोठी. पट्टा खुंटीवरून उतरला की ती स्वयंपाकघरात जायची आणि रेडिओ लावायची. मोठ्याने. मग गाणं असो, बातम्या असोत, बाजारभाव असोत. खाली कुणाला काही ऐकू जायचं नाही. लोक म्हणत, या घरात गाण्याची भारी हौस.

गाण्याचं पालुपद एवढंच होतं. ताई, आवाज वाढव.

त्यात तिला एकही शिवी नव्हती. असती तर सोपं गेलं असतं.

"बाबा आहेत तोवर नको, बारक्या," ती म्हणाली होती. "लोक काय म्हणतील त्यांना? या अवस्थेत?"

"बरं," तो म्हणाला. बस्, एवढंच. कंपनीने सांगितलं, ते एक गाणं काढून बाकीचा अल्बम आणू. तो म्हणाला, ते नाही तर काहीच नाही. कंपनीने अख्खा अल्बम कपाटात टाकला आणि बारक्याचं नाव हळूहळू लोकांच्या तोंडून गेलं. पुढे तो दूरच्या शहरात टायरच्या दुकानात लागला, असं कानावर आलं.

चार वर्षांनी बाबा गेले. सगळं आटोपल्यावर दारात उभं राहून बारक्याने विचारलं, "ताई, आता?"

तो काय विचारतोय ते तिला पक्कं समजलं होतं. ती म्हणाली, "आता बघू, घर ठेवायचं की भाड्याने द्यायचं ते."

त्याने फळीवरचा रेडिओ काखेत मारला आणि जिना उतरला. एक वाक्य बोलायचं होतं तिला. आठ वर्षं ते जिभेवर होतं आणि रोज ती ते उद्यावर ढकलत होती. आता अल्बम आणतानाही त्याने तिच्या परवानगीशिवाय त्या गाण्याची एक ओळ वाजवली नाही. जागा मात्र सोडली. सेकंद न् सेकंद मोजून.

जेवणाची सुट्टी संपून ताई खुर्चीत येऊन बसली, तेव्हा पडद्यावर लाल चौकट आली होती. म्हणजे साठ-सत्तर लोकांनी तक्रार केलेली प्रतिक्रिया. अशा प्रतिक्रियेला तीन सेकंदांचा नियम नव्हता, पूर्ण फॉर्म भरावा लागे.

'मी तेव्हा स्टुडिओत कामाला होतो. नववं गाणं मी ऐकलंय. ते याच्या बहिणीवर आहे. बाप मारायचा तेव्हा ही बया रेडिओचा आवाज वाढवायची, पोराचं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तिनेच ते गाणं बंद पाडलं. असल्या निर्लज्ज बाईमुळे या माणसाची बारा वर्षं मातीत गेली.'

ताईने ते एकदा वाचलं. मग पुन्हा.

नियम स्पष्ट होता. जी व्यक्ती प्रसिद्ध नाही तिच्यावर आरोप, तोही पुराव्याशिवाय. काढा. कुणी विचारणार नव्हतं, उलट शाबासकी मिळाली असती. एक बटण दाबलं की सगळं झाकलं जाणार होतं. असलं बटण दाबण्यात तिचा हात लहानपणापासून तयार होता.

पण ती हलेना. त्या माणसाने पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा आवाज वाढवायला तिला बारक्यानेच सांगितलं होतं. सहा वर्षांचा होता. खाली अंगणात त्याचे मित्र खेळत होते, आणि आपण रडतोय हे त्यांना कळू नये म्हणून तो आतल्या खोलीतून ओरडला होता, ताई, आवाज वाढव. हे जगात दोघांनाच माहीत होतं. पण पुढच्या खेपांना कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे ती आपणहून उठत गेली, पट्टा उतरायच्या आधीच. शेवटी शेवटी तर बाबांनी पायातले जोडे काढले की तिचा हात बटणावर असायचा. बारक्या तिला कधी बोलला नाही. तिनेच स्वतःला कधी विचारलं नाही, बटणाकडे जायच्या ऐवजी मी खोलीत का गेले नाही म्हणून.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता. 'संबंधित व्यक्तीची हरकत आहे / नाही.' सहा वर्षांत तो कुणी भरलेला ताईने पाहिला नव्हता. जगाच्या गर्दीतून संबंधित व्यक्ती शोधायची कुणी?

तिने 'नाही'वर खूण केली आणि 'राहू द्या' दाबलं.

पाचच मिनिटांत मॉनिटर आला. हुद्दा शिफ्टप्रमुखाचा, पण वर्गात बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणाऱ्या पोरासारखा चेहरा, म्हणून सगळे त्याला मॉनिटर म्हणत. माणूस वाईट नव्हता.

"ताई, तब्येत बरी आहे ना? ही लाल चौकट चुकून राहिली तुमच्याकडून. काढून टाका."

"चुकून नाही."

"अहो, बाईवर सरळ सरळ आरोप आहे. उद्या ती बाई उभी राहिली तर?"

"तिची हरकत नाही. रकाना भरलाय मी."

"ते दिसलं मला. पण तुम्हाला कसं कळलं?" तो हसत म्हणाला. "भेटून आलात की काय तिला?"

"मीच ती," ताई म्हणाली. "त्याची बहीण."

तिचा आवाज इतका बारीक निघाला की यंत्रांच्या घरघरीत तो विरूनच गेला. मॉनिटर पुढे वाकला. शेजारच्या मुलीने हेडफोन मानेवर उतरवले. "काय म्हणालात, ताई?"

आता काहीही सांगता आलं असतं. ताईने टेबलाची कड धरली.

"मी बारक्याची बहीण आहे," ती म्हणाली. मोठ्याने, अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं. "त्यात लिहिलंय ती. ते राहू द्या."

चार-पाच खुर्च्या वळल्या. मॉनिटरने पडद्यावरचा फॉर्म पुन्हा वाचला. मग त्याला नियम आठवला आणि जरा हायसं वाटलं असावं.

"मग... मग तुम्हाला हे काम ठेवता येणार नाही, ताई. आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला दुसऱ्या प्रतिक्रिया द्याव्या लागतील."

"माहीत आहे मला."

तिला ते सगळ्यात आधी माहीत होतं. गाडी बाजूला घेऊन बसलेला बाप, लग्न मोडलेला तो विनोदी माणूस, मिक्सरवाला, सगळे एका झटक्यात पडद्यावरून गेले. त्यांच्या जागी कुकरच्या जाहिरातीखालच्या तक्रारी आल्या. पहिलीच होती, 'शिट्टी होत नाही.' ताईने 'राहू द्या' दाबलं आणि तिला एकदम फार एकटं वाटलं.

चहाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन उभी राहिली. ज्याच्या प्रतिक्रिया आपण तपासतो त्याखाली स्वतः लिहायचं नाही, असाही एक नियम होता. तो आता तिला लागू नव्हता. बारक्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. तिने फोनवर नववं गाणं उघडलं आणि एका बोटाने, चुका दुरुस्त करत, टाइप केलं.

'बारक्या, आवाज वाढव. ताई.'

ती परत खुर्चीत येऊन बसली तेव्हा शेजारची मुलगी पडद्याकडे बघत स्तब्ध बसली होती. तिचं बोट बटणावर होतं आणि तीन सेकंद केव्हाच होऊन गेले होते. तिने ताईकडे पाहिलं. ताई कुकरच्या तक्रारी वाचत राहिली. शेजारी बटणाचा हलका आवाज झाला.

"राहू दिलं, ताई," ती मुलगी म्हणाली.

चार वाजता काम सुटलं. बसथांब्यावर ताईने फोन पाहिला. तिच्या ओळीखाली एकाने लिहिलं होतं, 'काकू, गाणं मुकं आहे, आवाज वाढवून काय उपयोग!' पुढे हसरी तोंडं. एकोणीस जणांना ते पटलेलं होतं. बारक्याचं काही नव्हतं. तिची ओळ केव्हाच खाली खाली सरकत चालली होती, दर मिनिटाला नवी माणसं वर येत होती.

कामावर फोन मुका ठेवावा लागे. घरी गेल्यावरही तो तसाच राहायचा, कारण कुणाचा यायचा नाही. बस आली. आत चढून, खिडकीपाशी बसून ताईने फोन हातात घेतला आणि त्याच्या कडेचं बटण दाबून घंटीचा आवाज वाढवला, अगदी शेवटपर्यंत.