सावलीचे दोन फटके

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो, पण तुम्ही पावसाळ्यात शाळेत नेता तसली नव्हे हं. मी गोल्फची छत्री! हिरवी-पांढरी, लाकडी मुठीची आणि इतकी मोठ्ठी की माझ्याखाली तीन माणसं आणि एक माशांची पाटी आरामात मावते. पाटीचं उगाच नाही सांगत. माझा अर्धा जन्म पाटीवरच गेला.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण बड्या लोकांच्या डोक्यावर डोलणार. तशी डोललेही थोडे दिवस, खाडीपलीकडे गोव्यात. मग तिथल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी मला ओमकारला देऊन टाकलं. ओमकार आरोंद्याचा. आधी तो तिथल्या गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायचा, मग बघून बघून स्वतःच खेळायला लागला आणि चक्क व्यावसायिक खेळाडू झाला.

स्पर्धा नसली की त्याची आई सत्यवती मला बाजारात न्यायची. ती मासे विकते. माशांवर ऊन पडू नये म्हणून मी. पण तिची रीत अशी की समोर कुणीही उभं राहिलं, की बोलता बोलता तिचा हात आपोआप मला त्याच्या डोक्यावर सरकवायचा. गिऱ्हाईक घासाघीस करणारं असलं तरी भांडण सावलीतच! पुढे मैदानावर गेले की बाकीचे खेळाडू नाक दाबून म्हणायचे, "ओमकार, तुझी छत्री बाजार करून आली वाटतं." मला मात्र अभिमान वाटायचा. दोन दोन नोकऱ्या करणारी छत्री बघितलीत कधी?

आता जरा गंभीर होऊन ऐका. गोल्फमध्येही फळ्या असतात. वरच्या फळीतले टीव्हीवर दिसतात. ओमकार दुसऱ्या फळीत होता. या फळीच्या वर्षभर गावोगाव स्पर्धा होतात आणि मोसमाच्या शेवटी एक अजिंक्यपद स्पर्धा. तिच्यात पहिल्या दहात आलं की वरच्या फळीचं दार उघडतं. अकराव्याला पुन्हा वर्षभर तेच.

२००९ च्या मार्चमध्ये ही शेवटची स्पर्धा आमच्याच भागात आली, शिरोड्याजवळच्या सड्यावर, म्हणजे उंच सपाट माळावर. आणि नेमका ओमकारची पिशवी उचलणारा मितेश तापाने आडवा झाला. ओमकार डोकं धरून बसला. सत्यवती म्हणाली, "मी येतंय तुज्यावांगडा. पाटी डोक्यार घेऊन इतकी वर्सां बाजार केलंय, ती पिशवी माका जड कित्याक होतली?"

त्याने तिला सगळं शिकवलं. खेळताना बोलायचं नाही, चेंडूच्या वाटेवर पाय द्यायचा नाही, खोकायचं असेल तर लांब जायचं. छत्रीबद्दल काही सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटचा दिवस, शेवटचा होल. ओमकार बरोब्बर दहावा होता. चेंडू भोकापासून वीतभर. वरून ऊन नुसतं ओतत होतं, आणि त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. तो वाकला. तेवढ्यात सत्यवतीचा हात सरकला. मी त्याच्या डोक्यावर आले. त्याने हलकेच फटका मारला, चेंडू भोकात पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान वर केली. वर आकाश नव्हतं. मी होते.

मित्रांनो, गोल्फचा नियम आहे. फटका मारताना खेळाडूने ऊन-पावसापासून कुणाचा आडोसा घ्यायचा नाही. घेतला तर दोन फटक्यांचा दंड, आणि गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तोच पुढे. सोबतचा खेळाडू किरण तेव्हा पाठमोरा पाणी पीत होता. बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सत्यवती तर आनंदाने माझ्या मुठीवर बोटं वाजवत होती.

ओमकार फटक्यांच्या नोंदीच्या कार्डावर सही करण्याआधी पंचांकडे गेला. त्याने घडलं ते सांगितलं. पंच भले गृहस्थ होते. त्यांनी वाट दाखवल्यासारखं विचारलं, "छत्री वर आली हे तुम्हाला कळलंच नसेल ना?"

"कळलं होतं," ओमकार म्हणाला. "सावली आली. बरं वाटलं. म्हणून तसाच मारला."

दोन फटके वाढले. ओमकार पहिल्या दहातून बाहेर गेला.

आईला त्याने एवढंच सांगितलं की आज जमलं नाही. पण शिरोड्याच्या स्टँडवर किरण तिच्या पाया पडायला आला आणि म्हणाला, असा प्रामाणिक मुलगा बघितला नाही, काकी. मग तिने ओमकारला खोदून विचारलं आणि त्याला सगळं सांगावं लागलं. एसटीत ती माझ्याकडे बघतच नव्हती. आरोंदा आलं तेव्हा हळूच म्हणाली, "माझी सावली तुका नडली मां?" ओमकारने मान हलवली, पण होय की नाही ते मलाही कळलं नाही.

त्या दिवसापासून मी खुंटीवर आहे. शेजारणी घरी येऊन सांगतात, ती बाजारात उघड्या डोक्याने बसते. बांगडे सुकतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात. समोर कुणी घामाने निथळत उभं राहिलं तर ती दोन्ही हात पदराखाली घेते. माझ्या कापडाला घडीवर चिरा पडल्या आहेत. एक काडी गंजली आहे. पण खरं सांगते, त्यापेक्षा त्या झाकलेल्या हातांचं दुःख जास्त आहे.

परवा ओमकार तिच्यासमोर उभा राहिला. यंदाची शेवटची स्पर्धा जवळ आली आहे आणि तो अजून दुसऱ्याच फळीत आहे. म्हणाला, "आये, तूच चल. मी चेंडू मारतंय तेवा फकत छत्री बाजूक घे."

ती वळून चूल सारवू लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "आणि मारून झाल्यार?"

"मारून झाल्यार धर."

मित्रांनो, वस्तू मोडली तर दुरुस्त करता येते. पण मायेने पुढे आलेला हात एकदा चुकला, तर त्याला गुपचूप मागे जाऊ देऊ नका. केव्हा थांबायचं ते सांगा, आणि केव्हा यायचं तेही सांगा.

काल सत्यवतीने मला खुंटीवरून काढलं आणि गंजलेली काडी खोबरेलाने पुसली. उघडलं मात्र अजून नाही.